जोडी जुळवण्याआधी: कामाचं कुत्रं आणि डीएनएची खूण

नाशिकहून बोलतोय. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं आहे, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. रामकुंडावर गर्दी उसळेल तेव्हा बॅगा हुंगत फिरणारी श्वानपथकातली कुत्री आपल्याला दिसतील. त्यांचं मोल महाराष्ट्राला १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर कळलं. मुंबईत झंजीर नावाच्या लॅब्रेडॉरनं तेव्हा तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं होतं.

आता कल्पना करा, असं तयार झालेलं कुत्रं पाचव्या वर्षी अंधारात ठेचकाळायला लागलं. लॅब्रेडॉरमध्ये डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहे, पीआरए. पडदा हळूहळू मरत जातो, आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. कुत्र्याचा जीनोम सुमारे २४० कोटी अक्षरांचा. त्यातल्या पीआरसीडी नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. बास, एवढंच. एका अक्षरानं अख्खा प्रोग्राम झोपतो, हे आम्हा कोडवाल्यांना वेगळं सांगायला नको.

खरी अडचण वेळेची आहे. आजार दिसतो साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात, आणि तोवर त्या नरापासून कितीतरी पिल्लं झालेली असतात. शिवाय बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच आजार होतो. एकाकडूनच आली तर कुत्रं ठणठणीत, पण ‘वाहक’. त्याच्याकडे कितीही निरखून बघा, काही कळणार नाही.

इथे मार्कर कामाला येतो. मार्कर म्हणजे डीएनएमधली ओळखता येणारी खूण. कधी ती खूण म्हणजेच बिघाड असतो, कधी बिघाडाच्या शेजारी राहून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत जाणारी दुसरी एखादी. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की पिल्लाच्या वयातही ती तपासता येते.

थोडं गणित करू. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के. एका वेताला आठ पिल्लं धरली, तर निदान एक तरी आजारी निघण्याची शक्यता जवळपास ९० टक्के! तोच वाहक निर्दोष मादीशी जुळवला तर आजारी पिल्लू शून्य. म्हणजे वाहक सापडला की त्याला हाकलून द्यायचं नसतं, फक्त जोडीदार बघून द्यायचा. पत्रिका बघतात तसं, पण इथे खरंच काहीतरी जुळत असतं.

हे सगळं परदेशातलं वाटतंय? आपल्या फलटणला मेंढ्यांवर हे झालंय. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या गारोल मेंढीत जास्त कोकरं देणारं ‘फेक-बी’ हे जनुक आहे. निंबकर संस्थेनं, म्हणजे ‘नारी’नं, ते दख्खनीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. गंमत बघा, मेंढा काही विणार नाही! त्याच्यात हे जनुक आहे का, हे पाहून कसं कळणार? २००१ मध्ये फेक-बीचा नेमका बदल सापडला आणि थेट डीएनएची तपासणी करता येऊ लागली.

पण फेक-बी हे एकटं, मोठ्या परिणामाचं जनुक आहे. कुत्र्याची हुशारी, धीटपणा, खुब्याचं हाड, यांमागे असंख्य जनुकं असतात आणि संगोपनही. खुब्यासाठी आजही एक्स-रेच काढावा लागतो. ‘शूर कुत्र्याचा जीन’ असं कुणी विकत असेल तर सरळ उठून या.

आणि प्रत्येक बिघाड नकोसाच असतो असंही नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुटका प्रकार सापडला. तो असलेलं कुत्रं सतत भुकेलं असतं, वजन वाढतं. तपासलेल्या लॅब्रेडॉरपैकी साधारण २३ टक्क्यांत तो होता, पण दिव्यांगांना मदत करणाऱ्या कुत्र्यांत ७६ टक्क्यांत! संशोधकांचा अंदाज असा, की खाऊसाठी धडपडणारं कुत्रं लवकर शिकतं आणि माणसांनी नकळत तेच निवडलं. आता हा प्रकार काढून टाकायचा की ठेवायचा? माझ्या मते ठेवावा, आणि वाटी मोजून भरावी.

आपल्या मुधोळ, कारवानीसारख्या शिकारी कुत्र्यांबाबत मला जास्त काळजी वाटते. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला नेली. पण अशा जातींत वंश ठेवण्याजोगी जनावरं थोडी असतात. तिथे प्रत्येक वाहक बाद करत गेलो तर उरलेल्यांत नात्यातल्याच जोड्या लागतील आणि नवे आजार वर येतील. त्यांच्यासाठी मार्करचा पहिला उपयोग आजार शोधण्याआधी नातं मोजायला व्हावा. हजारो खुणा एकदम वाचल्या की कोण कुणाचं किती जवळचं, हे वहीतल्या वंशावळीपेक्षा नेमकं कळतं.

पिल्लू घेताना ब्रीडरनं रिपोर्ट दाखवला तर तीन गोष्टी बघा: कोणता आजार तपासलाय, नुसत्या पिल्लाचा आहे की आईबापाचाही, आणि रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर समोरच्याच कुत्र्याचा आहे का. चिप वाचायचं यंत्र पशुवैद्यांकडे मिळू शकतं.