साखर थांबत नाही

रामदासपेठेत चक्कर मारा, आपल्याकडचा एखादा माणूस भेटतोच. काखेत फाईल, पिशवीत भाकरी अन् नजर डॉक्टरांच्या पाट्यांवर. वर्धा, भंडारा, यवतमाळ, गडचिरोली, कुठूनही असो, बिमारी हाताबाहेर गेली की लोक नागपूर गाठतात. २०२० मध्ये नेमकी हीच वाट बंद झाली.

नागपुरात पहिला कोरोना रुग्ण ११ मार्चला सापडला. पंधरवड्यात टाळेबंदी आली, एसटी उभी राहिली. जिल्ह्याबाहेरची एसटी पुन्हा सुटली ती २० ऑगस्टला. मेयो अन् मेडिकल कोविडच्या कामाला जुंपले गेले.

पण साखरेची बिमारी काही थांबली नव्हती. तिची तातडी अपघातासारखी एकदम येत नाही, दिवसादिवसानं चढते. वावरात अनवाणी गेलेल्याच्या पायात काटा रुततो. पाय बधिर, त्यामुळे कळतच नाही. मग सूज, मग वास, मग काळं पडलेलं बोट. वेळेवर पोचला तर बोटावर निभावतं, वाट पाहत बसला तर गुडघ्याखालचा पाय जातो. पाय गमावलेल्या शेतकऱ्यानं वखर कसा धरायचा?

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. ते सुटलं की तहान, उलट्या, पोटदुखी अन् धाप. ही धाप रक्तात आम्ल वाढल्याची. पण त्या दिवसांत धाप म्हटलं की आधी कोरोनाच आठवायचा. बोटाच्या एका थेंबात मिनिटभरात कळणारी साखर पाहायची राहिली, की मोलाचे तास गेलेच.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडनं जीव वाचवले, पण साखरही भडकवली. पाठोपाठ काळी बुरशी आली. नाक, टाळू, डोळा, सगळ्यांवर घाला! अँफोटेरिसिन-बी इंजेक्शन मिळेना. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं ते बनवायला घेतलं. आपल्या वर्ध्यानं, बरं का!

आता घरात शुगरचा माणूस असेल तर एवढं करा. ताप आला, जेवण गेलं, तरी इन्सुलिन मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारा. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठात ठेवा. रात्री तळपाय बघा, नजर कमी असेल तर पोराला बघायला लावा. अन् धाप लागली, तर १०८ वर पहिल्याच वाक्यात सांगा : पेशंटला शुगर आहे.