पायाखालची हवा
काशीगावहून ठाण्याकडे जाताना गायमुख घाट लागतो. उतारावर ब्रेकचे पेडल मऊ लागले, तर गाडी कडेला घ्यावी. दोनतीनदा दाबल्यावर ते कडक झाले, तर बहुधा नळ्यांत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेले, तर गळती असेल किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले असेल. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते. डॉट-३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर १४० अंशांतही उकळू शकते. वाफ दाबली जाते, चाक धावतच राहते. गाडी थंडावली की पेडल पुन्हा कडक, आणि माणूस निर्धास्त! नुसते ऑइल ओतणे म्हणजे तूट न शोधता खाते जुळवणे. गळती बंद करावी, हवा काढावी, साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. तोवर घाट नको.