कर्जाच्या कागदावरचे इंग्रजी शब्द



पेरणीचे दिवस आले की बियाणे, खत, लेकरांची शाळा, सगळे खर्च एकदमच उभे राहतात. मग कोणी गटातून कर्ज घेते, कोणी बँकेतून, कोणी दारावर येणाऱ्या फायनान्स कंपनीकडून. कागद समोर येतो आणि साहेब म्हणतात, "ताई, इथे सही करा." आपल्या झरी जामणी तालुक्यात कोणाच्या घरी कोलामी बोलतात, कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी तेलुगू. मराठीच जिथे दुसरी भाषा, तिथे इंग्रजी कुठून येणार? पण आपला पैसा त्याच शब्दांत अडकलेला असतो. म्हणून मुकुटबनच्या मीटिंगांमध्ये बाया नेहमी विचारतात, ते शब्द आज सांगते.

पहिले, सही कशासाठी करतो ते बघा. को-अप्लिकंट म्हणजे सहकर्जदार. पैसा नवऱ्याने घेतला तरी तुम्हीही तेवढ्याच कर्जदार. गॅरंटर म्हणजे जामीनदार. "नुसती साक्षीची सही आहे" असे कोणी म्हटले तरी कागदावर गॅरंटर लिहिले असेल, तर घेणाऱ्याने न फेडल्यास वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. नॉमिनी वेगळा. खातेदाराच्या मागे बँक ज्याच्या हाती पैसे देते तो नॉमिनी. पण तो त्या पैशाचा आपोआप मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच.

जेएलजी हा शब्दही नीट समजून घ्या. कंपनीवाले चार-पाच बायांचा ग्रुप करून कर्ज देतात, तो जेएलजी. तो आपला बचत गट नव्हे. आपल्या गटात आधी बचत, मग कर्ज. तिथे बायांची एकमेकींना हमी असते. शेजारणीचा हप्ता थकला की तुमच्याकडे मागणी येते. म्हणून तिथे बसण्याआधी सोबत कोण आहे, तेही बघा.

आता व्याज. फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग हे दोन शब्द सगळ्यात महाग पडतात. हिशोब करू. कर्ज 12,000 रुपये, मुदत 12 महिने, व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा एक रुपया महिना. फ्लॅटमध्ये वर्षभर पूर्ण 12,000 वरच व्याज लागते, एकूण 1,440 रुपये. रिड्युसिंगमध्ये जेवढी मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच व्याज. दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडली तर पहिल्या महिन्यात 120 रुपये, दुसऱ्यात 110, असे उतरत शेवटी 10 रुपये. एकूण 780. दर दोन्हीकडे 12 टक्केच, पण फरक 660 रुपयांचा! म्हणून "किती टक्के?" एवढेच विचारू नका. "फ्लॅट की रिड्युसिंग?" हेही विचारा.

प्रोसेसिंग फी म्हणजे कागदपत्रांचा खर्च म्हणून कापलेली रक्कम. 30,000 मंजूर झाले आणि फी व विम्याचे मिळून 900 कापले, तर हाती 29,100 येतात. व्याज मात्र 30,000 वर. असा सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर सांगणारा आकडा म्हणजे एपीआर. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करताना हाच आकडा बघा.

मोरॅटोरियम म्हणजे हप्ता पुढे ढकलणे. माफी नव्हे. 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी रिझर्व्ह बँकेने अशी सवलत देऊ दिली होती. हप्ता थांबला, पण व्याज चालूच होते. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटूनही न भरलेला हप्ता. आणि सेटलमेंट ऐकून लगेच खूश होऊ नका. थोडे कमी पैसे घेऊन प्रकरण मिटवले, तरी तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ते कर्ज पूर्ण फेडले असे दिसत नाही. पुढचे कर्ज मागताना ते आडवे येते. पूर्ण फेडल्यावर नो ड्यूजचा दाखला मागून घ्या.

शेवटचा शब्द लक्षातच ठेवा: की फॅक्ट्स स्टेटमेंट. कर्जाची सगळी मुख्य माहिती एका जागी देणारा हा कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या वैयक्तिक मुदत कर्जांसाठी बँकेने आणि फायनान्स कंपनीने तो द्यायचाच आहे, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. नुसता द्यायचा नाही, समजावूनही सांगायचा. त्यात न लिहिलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे, त्याला तारणाशिवाय मिळणारे कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. ते मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करून त्रास द्यायचा नाही, हाही नियमच आहे.

बायांनो, अर्थ विचारला म्हणून कोणी अडाणी ठरत नाही. पैसा आपण फेडणार, तर विचारायचा हक्कही आपलाच. साहेब घाईत असतील तर म्हणा, "कागद द्या, गटात वाचून उद्या सही करते." पुढच्या मीटिंगला प्रत्येकीने घरातला एक कर्जाचा कागद आणा. जो शब्द कळला नाही, त्याखाली रेघ मारा. सचिव ताईंनी ते शब्द वहीत उतरवावेत आणि अर्थ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. सही त्यानंतर.