खिडकीच्या कडेची उष्णता

मे महिन्यात जयपूरचे कमाल तापमान सहज ४० अंशांच्या पुढे जाते. सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये बांधविलेल्या पाच मजली हवामहलाला ९५३ झरोके आहेत. एवढी छिद्रे असूनही ती वास्तू तापत नाही, याचे कौतुक आजही होते. झरोक्यांतील जाळी ऊन अडविते आणि वाऱ्याला वाट देते. जुन्या हवेल्यांच्या भिंती दगडचुन्याच्या आणि जाड असत. भिंतीत उष्णतारोधक असा वेगळा थर नव्हता, त्यामुळे खिडकीपाशी तो तुटण्याचा प्रश्नही नव्हता.

आजचे घर निराळे आहे. नऊ इंची विटांची भिंत, बाहेरून ५० मिलिमीटर जाडीचा थर्मोकोलसदृश रोधक थर, त्यावर गिलावा. अशा थरामुळे भिंतीतून शिरणारी उष्णता सुमारे एक चतुर्थांशावर येते. प्रति चौरस मीटर, प्रति अंश सुमारे २ वॉटवरून ०.५ वॉटवर. परंतु भिंतीत खिडकी येते आणि तेथे थर कापला जातो. खिडकीची चौकट आणि भिंतीचा बाहेरील पृष्ठभाग यांच्यामध्ये जी बगल उरते, तिच्यावर बहुधा केवळ गिलावा असतो.

हा भाग किती मोठा? १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच खिडकीचा परिघ ५.४ मीटर होतो. बगल १० सेंटिमीटर खोल धरली, तर उघडी राहिलेली वीट ०.५४ चौरस मीटर. दिसायला क्षुल्लक, पण तिच्यातून चौपट उष्णता जात असल्याने ती रोधक थर असलेल्या दोन चौरस मीटरहून अधिक भिंतीच्या बरोबरीची ठरते. तीन मीटर लांब व तीन मीटर उंच भिंतीत खिडकी वजा जाता ७.२ चौरस मीटरच उरतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने सुमारे तीस टक्क्यांची भर. थरासाठी केलेल्या खर्चाचा मोठा वाटा अशा रीतीने कडेने निसटतो आणि वातानुकूलन यंत्राच्या वीजबिलात दरमहा दिसू लागतो.

वास्तुविशारद आता आराखडे संगणकावर, ‘रेव्हिट’ किंवा ‘आर्किकॅड’ यांसारख्या प्रणालींत तयार करतात. त्यांत भिंत म्हणजे दोन रेघा नसून गिलावा, रोधक, वीट असे थर असलेली वस्तू असते. खिडकी बसविली की प्रणाली भिंतीत आपोआप भोक पाडते, आणि सर्व थर सुरीने कापावेत तसे कापले जातात. ‘रेव्हिट’मध्ये थर बगलेत वळविण्याची सूचना भिंतीच्या प्रकारात द्यावी लागते, आणि तो कोठवर वळावा हे खिडकीच्या घटकात ठरवावे लागते. त्यातही एक मेख आहे. भिंतीच्या गाभ्याबाहेरचे थरच वळू शकतात. दुहेरी भिंतीच्या पोकळीत, म्हणजे गाभ्याच्या आत, रोधक दाखविला असेल तर तो वळत नाही. मग जाणकार आरेखक खिडकीच्या घटकातच रोधकाची पट्टी जोडून देतात. ती खिडकीबरोबर सर्वत्र जाते, हा त्याचा मोठा लाभ.

मात्र चित्र बरोबर आले म्हणजे गणित बरोबर आले, असे नव्हे. ‘एनर्जीप्लस’सारखी ऊर्जागणनेची प्रणाली भिंतीतील उष्णता एकाच दिशेने, आरपार जाते असे मानते, कोपऱ्यातून वळणारी उष्णता तिच्या हिशेबात आपोआप येत नाही. त्यासाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘थर्म’ ही विनामूल्य प्रणाली वापरून कडेचा छेद स्वतंत्रपणे तपासावा लागतो. आपल्याकडे २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘इको निवास संहिते’च्या पहिल्या भागात, थंड प्रदेश वगळता, घराच्या भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॉट ठेवण्यात आली. त्या सूत्रातही भिंत, काच आणि काचेतून येणारे ऊन हे तीनच घटक होते. कडेला वेगळे स्थान नव्हते. नियम पाळूनही कड उघडी राहू शकते ती यामुळे.

जयपूरजवळच्या कूकस येथे २००८ मध्ये ‘मॉर्फोजेनेसिस’ या संस्थेने पर्ल अकादमीची इमारत उभारली, तेव्हा जाळीचे बाह्य आवरण भिंतीपासून चार फूट दूर ठेवले. ऊन खिडकीपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. असा उपाय स्वतंत्र भूखंडावर शोभतो. सदनिकेत किंवा लहान घरात जागेअभावी छज्जा आणि बगलेचा रोधक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे घर बांधणाऱ्यांचा उन्हाळा जयपूरपेक्षा सौम्य नाही. त्यांनी वास्तुविशारदाकडे खिडकीच्या बगलेचा मोठ्या प्रमाणातील छेद मागावा. त्यात चौकट शक्य तितकी रोधक थराच्या रेषेत असावी आणि थर चौकटीवर दोन-तीन सेंटिमीटर चढलेला दिसावा. त्यासाठी चौकटीची पट्टी तेवढी रुंद हवी, म्हणून हा निर्णय खिडक्यांची मागणी नोंदविण्यापूर्वीच व्हायला हवा. कंत्राटदाराच्या दरपत्रकात बगलेचा रोधक धावत्या मीटरने वेगळा लिहून घ्यावा. अशा आठ खिडक्यांचे ४३.२ मीटर होतात. गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. बगल तपासण्याची योग्य वेळ गिलाव्याच्या टप्प्याआधीची. गवंड्याची थापी एकदा फिरली की आत काय आहे, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही.