दात आणि देह

दातांचे दुखणे आपण सहसा शरीराच्या दुखण्यांत धरत नाही. बॉस्टन येथे १८६७ साली हार्वर्ड विद्यापीठाने दंतविद्यालय काढले, ते दंतविद्या वैद्यकाच्या पायावर उभी करण्यासाठी. बाल्टिमोरचे दंतमहाविद्यालय १८४० पासून होते. पण विद्यापीठाशी जोडलेली अमेरिकेतील ही पहिलीच संस्था. १८६९ च्या पहिल्या तुकडीतील सहा पदवीधरांत रॉबर्ट टॅनर फ्रीमन होते; आईवडील एकेकाळी गुलामगिरीत, स्वतःला वर्णामुळे दोन महाविद्यालयांनी नाकारलेले. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी.

मधुमेह आणि हिरड्यांचा विकार एकमेकांना बळ देतात. तरीही माझे मधुमेही रुग्ण पाय दाखवतात, डोळ्यांची तक्रार सांगतात. ब्रशवर दिसणाऱ्या रक्ताविषयी मात्र विचारल्याखेरीज बोलत नाहीत. आपण तसे करू नका; आम्ही विचारले नाही, तरी सांगा.