पोळी सुटते, हिंग सुटत नाही

सिलिअॅक आजाराचं निदान झालं की घरात पहिली काळजी पोळीची. महाराष्ट्रात तेच त्यातल्या त्यात सोपं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत सिलिअॅकला बाधणारं ग्लुटेन नाही. ज्या घरात भाकरी थापली जाते, तिथे महागड्या ‘ग्लुटेन-फ्री’ ब्रेडवाचून काही अडू नये. अडतं ते चिमूटभर गव्हापाशी.

गव्हाच्या ग्लुटेनमधल्या ग्लायडिन या प्रथिनाचे आपली पाचक विकरं पुरते तुकडे करू शकत नाहीत. उरलेल्या लांब तुकड्यांचा बहुतेकांना त्रास होत नाही. पण एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ जनुकं असलेल्या काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि त्या चकमकीत लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. लोह तिथेच शोषलं जातं. त्यामुळे कधी कधी पोटाची काहीच तक्रार नसते. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, एवढंच.

गहूच दोषी, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५०च्या प्रबंधात मांडलं. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला होता, तेव्हाच्या बालरुग्णांच्या अनुभवाने त्याचा जुना संशय बळावला होता.

‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवण्यासाठी भारतात मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. गव्हाच्या दळणानंतर त्याच चक्कीत ज्वारी टाकली, की हा हिशेब केव्हाच बिघडतो. म्हणून अशा घरांत छोटी घरगुती चक्की येते, चाळणी आणि पोळपाट वेगळे होतात. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. लेबल वाचल्याशिवाय फोडणीचा भरवसा नाही. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटातही अनेकदा मूठभर गहू असतो. सातू म्हणजे जव, तेही वर्ज्य. आणि खपली? ‘जुना, पचायला हलका’ म्हणून नातेवाईक प्रेमाने आणून देतात, पण खपली गहूच आहे.

हे सगळं पाळलं, की मुलांचं आतडं सहसा लवकर सावरतं. मोठ्यांना वर्ष, दोन वर्षंही लागू शकतात.

हल्ली पोट फुगलं की लोक आपल्याच मनाने गहू सोडतात. तपासणीआधी ते करू नये. गहू बंद झाला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरू लागतं आणि बायोप्सीही फसू शकते. मग निदानासाठी डॉक्टर पुन्हा काही आठवडे पोळी खायला सांगतात, आणि नुकतंच बरं वाटू लागलेला माणूस त्याला सहसा तयार होत नाही.