प्रसूतिकाळांतील खिन्नता : प्रकाश आणि निद्रा

घरांत पाळणा हलला कीं आईच्या मनांत आनंदच असला पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु बाळाच्या मुखाकडे पाहूनही जिचें मन उल्हसित होत नाहीं, बाळ झोपलें असतांही जिचा डोळा लागत नाहीं, अशा माता थोड्या नाहींत. त्यांना हट्टी अगर नाजूक म्हणणें हा अन्याय होय. तो एक रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांतील शंभर गर्भवतींपैकीं सुमारें १० व शंभर बाळंतिणींपैकीं सुमारें १३ स्त्रियांना मनोविकार जडतो, आणि त्यांत खिन्नता प्रमुख असते.

यावर मानसोपचार व औषधें हे उपाय आहेतच. तथापि पोटांतील बाळाच्या काळजीनें पुष्कळ गर्भवती औषध घेण्यास कचरतात. म्हणून शास्त्रज्ञांचें लक्ष प्रकाशाकडे गेलें. मेंदूंत, दोन्ही नेत्रांच्या नाड्या जेथें एकत्र येतात त्याच्या किंचित् वर, निद्रा व जागृति यांच्या वेळा राखणारें एक सूक्ष्म घड्याळ आहे. सकाळच्या उजेडानें तें रोज लावलें जातें. तें मागेंपुढें झालें कीं झोप विस्कटते, आणि मनही खचूं शकतें.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें अ‍ॅना विर्झ-जस्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या उपचाराची परीक्षा केली. तिचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. लक्स हें प्रकाशाचें माप. २७ खिन्न गर्भवतींपैकीं कांहींना ७००० लक्सचा पांढरा प्रकाश, तर इतरांना ७० लक्सचा मंद तांबडा प्रकाश, रोज सकाळीं एक तास याप्रमाणें पांच आठवडे देण्यांत आला. पहिल्या गटांत शेंकडा ८१ स्त्रियांना चांगला गुण आला, दुसऱ्यांत शेंकडा ४५. मंद प्रकाशानेंही इतक्या जणींना बरें वाटावें, यांत आशेचा व आस्थेचा वांटा असावा; परंतु उरलेला फरक लहान नव्हे. मात्र स्त्रियांची संख्या थोडी होती, हें विसरूं नये.

निद्रेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. खिन्न रोग्यास एक रात्र जागविल्यास दुसऱ्या दिवशीं अनेकांचें मन हलकें होतें, असें जर्मनींत पफ्लुग व टोले यांनीं १९७१ सालीं नोंदविलें. पण पुन्हां झोप लागतांच बहुधा खिन्नता परतते. अमेरिकेंत बार्बारा पॅरी यांनीं गर्भवती व बाळंतिणी यांच्यावर हा उपाय ठराविक वेळीं योजून पाहिला. हा प्रयोग घरीं करण्याचा नव्हे. ज्यांना पूर्वीं उन्मादाचा झटका आला असेल त्यांना जागरणानें, आणि प्रखर प्रकाशानेंही, तो पुन्हां येण्याचें भय असतें. नेत्ररोग असल्यास प्रकाशापूर्वीं वैद्यकीय सल्ला घ्यावाच.

मग घरच्यांनीं काय करावें? पूर्वीं वाऱ्याच्या भीतीनें बाळंतिणीची खोली बंद व अंधारी ठेवीत. आतां सकाळीं खिडकी उघडावी, तिला थोडा वेळ अंगणांत अगर गच्चीवर बसवावें. रात्रीं कांहीं तास बाळ दुसऱ्या कोणी सांभाळावें, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. खिन्नता दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे न्यावें. आणि जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडीं आली, तर एक दिवसही थांबूं नये.